गुलमंडीमागचा आरीचा कारखाना : टिकल्या-मण्यांच्या हातकामाचा सविस्तर अनुभव

टिकल्या-मण्यांचे काम विकत घेताना कापडाची सुलट बाजू दिव्याखाली धरायची, चमक पाहायची आणि लगेच भाव विचारायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या मागच्या बाजूला एका बोळात, पहिल्या मजल्यावर चालणाऱ्या ज्या आरीकामाच्या, म्हणजे आकडीच्या सुईने कापडावर टिकल्या-मणी भरण्याच्या, कारखान्याविषयी मी हे लिहीत आहे, तिथले उस्ताद मात्र नमुन्याचे कापड गिऱ्हाइकाच्या हाती देतात तेच उलटे करून. ‘ताई, आधी पाठ बघा, तोंड मग बघा,’ असे ते म्हणतात. त्यांच्या या एका सवयीमुळे मी माझे काम त्यांच्याकडे सोपवले. ते काम हाती आले, अंगावर वापरून झाले, त्यातला थोडा भाग बिघडून पुन्हा दुरुस्तही झाला, तरी माझे मत पालटलेले नाही. चमक यंत्रही देते. हातकामाचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते प्रत्येक मणी स्वतःच्या टाक्याने कापडाला धरून राहावा म्हणून, आणि तो तसा धरून राहतो की नाही हे कापडाची पाठच सांगते.

कामे दोन होती. भाचीच्या लग्नाच्या बस्त्यात जांभळी पैठणी घेतली होती, तिच्यावरच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या आणि पाठीचा गळा भरून घ्यायचा होता. दुसरे काम माझ्या आईच्या लग्नातल्या झंपराचे होते. त्याच्या बाह्यांवरचा सलमा-सिताऱ्याचा, म्हणजे धातूच्या पिळलेल्या तारेचा आणि टिकल्यांचा, पट्टा जागोजागी सुटून लोंबत होता आणि तो टाकून द्यायला कोणाचेच मन होत नव्हते. नवे काम चांगले करणारे पुष्कळ भेटतात. जुने काम हातात घेणारे फार थोडे. त्यामुळे दोन्ही कामे एकाच कारखान्याकडे देऊन पाहणे मला महत्त्वाचे वाटले.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली असून तिच्यात खिडक्यांना लागून तीन अड्डे मांडलेले आहेत. अड्डा म्हणजे लाकडी चौकट. कापडाच्या दोन कडा जाड दांड्यांना शिवून घेतात, उरलेल्या दोन बाजू दोरीने खेचून बांधतात आणि टिचकी मारली तर आवाज यावा इतके कापड ताठ करतात. हा ताण कमी पडला तर काम करताना काहीच कळत नाही, पण कापड अड्ड्यावरून उतरवले की टाक्याभोवती सुरकुत्या धरतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. इथे काम चालू असताना मधूनमधून दोरी पुन्हा आवळली जाते, हे मी स्वतः पाहिले. कारागीर अड्ड्याच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसतात आणि रंग जुळवायचे सगळे काम दिवसाच्या उजेडात करतात. दिव्याखाली सोनेरी आणि जुनाट सोनेरी यांतला फरक दिसत नाही, असे उस्तादांचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे.

नक्षी कापडावर उतरवण्याची पद्धत अजून जुनीच आहे. पैठणीच्या काठावरची मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, भाचीला बाह्यांवर हवी होती. उस्तादांनी साडी समोर ठेवून ती ट्रेसिंग कागदावर काढली आणि रेघांवर सुईने बारीक भोके पाडून खाका तयार केला. मग तो कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड कापसाच्या बोळ्याने त्यावरून फिरवली. कागद उचलल्यावर ठिपक्याठिपक्यांची मुनिया कापडावर उमटली. खाका जपून ठेवला जातो, म्हणून दुसऱ्या बाहीवरची नक्षी पहिलीसारखीच येते. फक्त कागद उलटून ठेवायचा, म्हणजे दोन्ही पक्षी समोरासमोर तोंड करून बसतात. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे, कारण दोन्ही बाह्यांवरचे मोर एकाच दिशेला पाहत असलेले ब्लाउज लग्नांतून सर्रास दिसतात.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे टाका. आरी ही लाकडी मुठीत बसवलेली, टोकाशी बारीक आकडी असलेली सुई असते. कारागिराचा डावा हात कापडाखाली धागा धरून असतो. उजव्या हातातली आरी वरून कापडात शिरते, जराशी गिरकी घेते, खालचा धागा आकडीत पकडून वर फास काढते आणि पुढचा फास त्या फासातून ओवून घेते. मणी लावायचे असतील तर ते आधीच आरीच्या टोकावर भरून ठेवतात आणि एकेक मणी फासावर सरकवत जातात. सरावलेल्या हाताचा वेग असा की मणी कधी बसला ते डोळ्यांना कळत नाही. नांदेड-देगलूरकडे तेलंगणाच्या शेजारामुळे या कामाला मग्गम वर्क म्हणतात आणि तिकडच्या नवऱ्यामुलींच्या ब्लाउजवर ते गच्च भरलेले असते.

या वेगाची किंमतही आहे. फासात फास अडकलेला असल्यामुळे शेवटची गाठ सुटली किंवा मधला धागा तुटून त्याचे टोक ओढले गेले, तर ओळच्या ओळ उसवत जाते. उस्तादांनी हे मला बोलून दाखवले नाही, करून दाखवले. टाकाऊ कापडावर मण्यांच्या दोन ओळी होत्या. पहिलीचे टोक त्यांनी कात्रीने कापून हलकेच ओढले, तर सारे मणी एकामागून एक सुटून फरशीवर घरंगळले. दुसरीचे तसेच ओढले, तर दोन मणी सुटले आणि धागा अडला. दुसऱ्या ओळीत थोड्याथोड्या अंतरावर फास मागे घेऊन पक्का केलेला होता. कापड उलटल्यावर पहिल्या ओळीची पाठ सरळ रेघेसारखी दिसली आणि दुसरीत ठरावीक अंतराने बारीक गाठ दिसली. भाव विचारण्याआधी पाठ पाहायची ती या गाठीसाठी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या आरीकामात नेमकी हीच वाचवलेली असते, कारण तिथे वेळ वाचतो आणि सुलट बाजूने काहीच दिसत नाही.

जिथे घासले जाण्याची शक्यता जास्त, उदाहरणार्थ बाहीची कडा, काखेजवळचा भाग किंवा पदर पिनेने अडकवतात तो खांदा, तिथे हा कारखाना आरी वापरतच नाही. तिथे साधी बारीक सुई आणि मेण लावलेला दुहेरी धागा घेऊन एकेक मणी मागच्या टाक्याने बसवतात. याचे पैसे वेगळे घेतात आणि ते द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. या टाक्यात धागा तुटला तर एक-दोन मणी जातात, ओळ जात नाही. किनवट-कन्नडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या जुन्या कांचळ्या, म्हणजे चोळ्या, ज्यांनी हातात घेऊन पाहिल्या असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथला प्रत्येक आरसा, प्रत्येक कवडी स्वतःच्या धाग्याने बांधलेली असते, म्हणून कापड विरले तरी आरसा जागेवर असतो.

टिकल्यांच्या बाबतीत या कारखान्याची समज मला विशेष आवडली. टिकली दोन प्रकारची, चपटी आणि वाटीची. वाटीच्या टिकलीला पैलू असतात, म्हणून ती जास्त चमकते. ती तोंड वर करून बसवली तर उजेड आत साठतो, पालथी बसवली तर कडा कापडाला टेकते आणि काम शांत दिसते. एकटी टिकली बसवताना इथे सुई खालून टिकलीच्या भोकातून वर काढतात, तिच्यावर एक पोत, म्हणजे काचेचा बारीक मणी, ओवतात आणि त्याच भोकातून सुई पुन्हा खाली नेतात. पोत भोकापेक्षा मोठी असल्याने तीच टिकलीला दाबून धरते आणि वरून धागा अजिबात दिसत नाही. ओळीने बसवायच्या असतील तर प्रत्येक टिकली आधीच्या टिकलीच्या अर्ध्या भागावर चढवतात, म्हणजे मागचा टाका पुढच्या टिकलीखाली झाकला जातो. मुनियेचे पंख असे भरले आहेत. बोट चोचीकडून शेपटीकडे फिरवले तर गुळगुळीत लागते, उलट फिरवले तर कडा बोटाला अडकतात. म्हणून टिकल्यांची दिशा हात जसा खाली येतो तशीच ठेवावी लागते, नाहीतर साडीचा पदर दरवेळी त्यांत अडकून त्याचे धागे निघतात. ही बारकाई मी न सांगता पाळली गेली होती.

कटदाण्याचेही तसेच. काचेच्या या नळीसारख्या मण्याची टोके कापलेली आणि धारदार असतात आणि ब्लाउज घालता-काढताना तीच धागा कापतात. इथे कटदाण्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल पोत घालतात, जेणेकरून धागा धारेवर न टेकता पोतीच्या गोलाईवर वळतो. पोतीचा आकार नंबरावर चालतो. नंबर वाढला की मणी बारीक होतो. अकरा नंबरची साधारण २ मिलिमीटर आणि पंधरा नंबरची सुमारे दीड मिलिमीटर असते. जपानी पोत मापाला एकसारखी असते, त्यामुळे रेघ सरळ येते. देशी काचेची पोत लहानमोठी निघते, पण फुलाच्या भरावात तोच चढउतार चांगला दिसतो. उस्तादांनी चोच आणि डोळा जपानी पोतीत आणि पोट देशी पोतीत भरून दोन्हींचा उपयोग केला व खर्चही आटोक्यात ठेवला. मणी ही मराठवाड्याला परकी वस्तू नव्हेच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या उत्खननात प्राचीन मणी सापडले आहेत आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात ते पाहता येतात. पैठणहून भडोच बंदराकडे मौल्यवान दगड जात असल्याची नोंद पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. आज मात्र इथल्या कारागिराला टिकली आणि जर सुरतेहून आणि काचेचा बराचसा मणी उत्तर प्रदेशातून मागवावा लागतो.

उस्तादांनी दोन गोष्टींना नकार दिला आणि दोन्ही नकार मला त्यांच्या कामाइतकेच मोलाचे वाटतात. भाचीच्या मैत्रिणींनी सुचवल्यामुळे पैठणीच्या पदरावरही थोडे मणी लावावेत असा विचार पुढे आला होता. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यात सुई घातली तर रेशीम आणि जर तुटते आणि मण्याच्या वजनाने वीण खाली ओढली जाते, असे सांगून त्यांनी साडीला हात लावला नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या विणकामासाठी. त्या विणीवर ओझे लादणे हा तिचा अपमानच आहे. दुसरा नकार चिकटवायच्या खड्यांना होता. खडे डिंकाने चिकटवले तर काम झटपट होते, पण आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो आणि मांडवात घामाने डिंक सुटतो. इथे खडा लावायचाच असेल तर धातूच्या कोंदणातला घेतात आणि कोंदणाच्या भोकांतून तो शिवतात.

शिंप्याशी मेळ ही या कामातली सर्वांत नाजूक जागा आहे. ब्लाउज शिवून झाल्यावर काम करायचे नसते. आधी शिंपी न कापलेल्या कापडावर मापाच्या खुणा करून देतो, मग कापड अड्ड्यावर चढते आणि शिलाईची रेघ मोकळी सोडून नक्षी भरली जाते. मण्यांवरून शिलाई गेली तर मशीनची सुई तुटते आणि मणीही फुटतो. शिलाई झाल्यावर ब्लाउज पुन्हा कारखान्यात येतो आणि जोडावरची मोकळी पट्टी हाताने भरून बंद केली जाते. ही शेवटची फेरी बहुतेक ठिकाणी गाळतात. त्यामुळे बाहीच्या जोडावर नक्षीला खिंडार पडलेले दिसते. इथे ती ठरलेल्या पैशांतच होते.

आमच्या बाबतीत गडबड झाली ती नेमकी याच टप्प्यावर. ज्या शिंप्याकडे ब्लाउज शिवायला दिला होता, त्याच्या दुकानात उजव्या बाहीवर सुलट बाजूने गरम इस्त्री फिरली. आजच्या टिकल्या प्लास्टिकच्या असतात. पंखावरच्या टिकल्यांची एक पट्टी आकसून तिच्या कडा वळल्या आणि तेज गेले. कारखान्याने यात स्वतःची चूक नसतानाही त्याच दिवशी कापड हातात घेतले. आकसलेल्या टिकल्या कात्रीच्या टोकाने फोडून काढल्या, धागा न तोडता शेजारच्या टिकल्या वाचवल्या आणि त्याच डब्यातल्या नव्या टिकल्या बसवल्या. आज ती जागा मलाही शोधून सापडत नाही. या दुरुस्तीचे त्यांनी फक्त साहित्याचे पैसे घेतले. इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून आणि इस्त्री अगदी कोमट ठेवून करावी, अशी चिठ्ठी आता ते प्रत्येक कापडाला टाचून देतात.

आईच्या झंपराचे काम मात्र मला अधिक भिडले. त्यावरचे सितारे धातूचे होते, काळवंडलेले. रेशीम घडीच्या जागी विरले होते. दुसऱ्या एका दुकानात हा पट्टा काढून नवा लावण्याचा सल्ला मिळाला होता. इथे उस्तादांनी तो खिडकीजवळ नेला, बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि मग विरलेल्या रेशमाखाली मऊ मलमलीचा थर लावून सुटलेला सलमा जुन्याच भोकांतून पुन्हा बसवायचे ठरवले. जिथे सितारे पडून गेले होते तिथे नवे झगझगीत न लावता त्यांच्याकडच्या जुन्या साठ्यातले मळकट सितारे निवडून घेतले. काळेपणा घासून काढू का, असे मी विचारले, तेव्हा ‘घासलं तर मुलामाच जाईल, ताई, तुमच्या आईंनी जसा घातला तसाच राहू द्या,’ असे त्यांनी सांगितले. झंपर घरी आणला तेव्हा आईने पट्ट्यावरून अंगठा फिरवला, बाही उलटून मलमलीचा थर पाहिला आणि तो घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवला.

आता उणिवा. वेळेच्या बाबतीत हा कारखाना भरवशाचा नाही. ठरलेली तारीख दोनदा पुढे गेली आणि ती पुढे जाणार हे कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही, मलाच फोन करावा लागला. लग्नाघरी अशा दिरंगाईने जीव टांगणीला लागतो आणि काम चांगले आहे म्हणून ती माफ होत नाही. दुसरे, अंदाजपत्रक लेखी मिळत नाही. तोंडी साडेपाच हजार ठरलेले ब्लाउजचे काम साडेसहा हजारांवर गेले. वाढलेले पैसे सुईच्या टाक्याचे होते आणि ते रास्तही होते, पण हे आधी सांगायला हवे होते. झंपराच्या दुरुस्तीला अठराशे रुपये पडले, ते मला कमीच वाटले. तिसरी तक्रार रंगीत पोतीविषयी. नमुन्यातल्या गुलाबी पोतीचा रंग ओल्या कापसाला लागला. मी आक्षेप घेतल्यावर त्यांनी ती बदलली, पण ही चाचणी कारखान्याने स्वतःच करायला हवी. काचेतच रंग असलेली पोत आणि वरून रंगवलेली पोत यांत फरक असतो. दुसरी घामाने फिकी पडते आणि रेशमावर डाग पाडते. गिऱ्हाइकाने पांढरा ओला कापूस सोबत न्यावा आणि प्रत्येक रंग घासून पाहावा. शिवाय जिना उभा आणि अंधारा आहे, वयस्क माणसांना तो झेपणार नाही.

सगळ्यांनी हेच काम करून घ्यावे असे मी म्हणणार नाही. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर टिकल्यांचे रीळ लावून अख्ख्या साडीभर किंवा घागऱ्यावर टिकल्या पेरता येतात. तिथला टाका खालच्या-वरच्या दोन धाग्यांचा असल्याने नीट केलेला असेल तर लवकर उसवत नाही आणि खर्च फार कमी येतो. लहान मुलींच्या स्नेहसंमेलनाच्या कपड्यांना किंवा एकदाच घालायच्या पोशाखाला तेच योग्य. पण यंत्राला मणी आणि टिकली एका टाक्यात एकमेकींवर बसवणे किंवा जोडावरची नक्षी शिलाईनंतर बंद करणे जमत नाही, आणि विरलेल्या रेशमाला तर यंत्र लावताच येत नाही.

काम घरी आणल्यावरची काळजी उस्ताद नीट समजावतात, तीही लिहून ठेवते. अत्तर किंवा स्प्रे कपडा घालण्याआधी अंगाला लावून वाळू द्यावा, कामावर उडवू नये, जर काळी पडते. हँगरवर टांगू नये, मण्यांच्या वजनाने खांदा ओघळतो. आत-बाहेर मऊ सुती कापड घालून आडवे ठेवावे आणि घडीत टिकली टिकलीवर येऊ देऊ नये. डांबराच्या गोळ्या जवळ ठेवू नयेत. ड्रायक्लीनला देण्याआधी आतल्या बाजूच्या एका टिकलीवर ते द्रावण लावून पाहायला सांगावे, कारण काही टिकल्यांचा मुलामा त्याने उतरतो.

जाणार असाल तर शिंप्याने खुणा केलेले, न कापलेले कापड, साडी आणि अस्तर सोबत न्यावे, आरीचा भाग कुठला आणि सुईचा कुठला हे कापडावरच बोट ठेवून ठरवून घ्यावे, आणि रक्कम व तारीख स्वतःच्या हाताने कागदावर लिहून त्यावर उस्तादांची सही घ्यावी. ते आनंदाने देतात. वैशाखातल्या लग्नासाठी कापड संक्रांतीच्या आसपास अड्ड्यावर चढलेले बरे. होळीनंतर आलेल्या नव्या कामाला ते सरळ नाही म्हणतात, दुरुस्तीला मात्र कधीच नाही म्हणत नाहीत.